डावखुऱ्या शिकाऊ उमेदवाराचा हात बदलावा की हत्यारे बदलावीत?

प्रश्न : वर्कशॉप पर्यवेक्षक, शिरोली

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये मी पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे ओतीव भागांचे यंत्रण आणि थोडेफार जिग-फिक्स्चरचे काम चालते. दोन महिन्यांपूर्वी आयटीआयमधून जोडारी (फिटर) हा व्यवसाय पूर्ण केलेला एक मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू झाला. मुलगा मेहनती आहे, ड्रॉइंग नीट वाचतो आणि विचारल्याशिवाय काही गृहीत धरत नाही. मात्र तो पूर्णपणे डावखुरा आहे आणि आमच्या वर्कशॉपमधील एकही वस्तू डावखुऱ्या माणसाचा विचार करून ठेवलेली नाही, हे तो आल्यानंतरच माझ्या लक्षात आले.

पहिल्या आठवड्यात मीही इतरांसारखेच त्याला सांगितले होते की उजव्या हाताची सवय करून घे, पुढे सोपे जाईल. त्याचा परिणाम असा झाला की मी जवळ असेपर्यंत तो हॅकसॉ उजव्या हाताने धरायचा आणि मी पाठ फिरवली की डाव्या हातात घ्यायचा. दोन्ही हातांनी कापलेले तुकडे एके दिवशी त्याने स्वतःच माझ्यासमोर ठेवले. डाव्या हाताचा काप रेषेवर होता. उजव्या हाताचा काप तळाशी पोहोचेपर्यंत दोन मिलिमीटर सरकला होता. त्या दिवसापासून मी त्याला हात बदलायला सांगणे बंद केले.

मागच्या आठवड्यात घडलेल्या प्रसंगामुळे मात्र मी हा प्रश्न येथे मांडत आहे. हातातील ड्रिल मशीनने आठ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला भोक पाडताना बिट पलीकडे बाहेर पडता पडता अडकले आणि मशीनने मनगटाला जोराचा हिसका दिला. मुलाने लगेच बोट सोडले, पण मशीन थांबले नाही, कारण सलग चालण्यासाठीचे लॉकचे बटण त्याच्या तळहाताखाली आपोआप दाबले गेले होते. शेजारच्या कामगाराने प्लग ओढला. मनगट मुरगळण्यावर निभावले, परंतु मला त्या रात्री झोप लागली नाही.

जुन्या कामगारांचे म्हणणे आहे की हा दोष हाताचा आहे आणि हातच बदलला पाहिजे. मला ते पटत नाही. पण सगळे वर्कशॉप उलटे मांडणेही शक्य नाही. कोणत्या ठिकाणी हत्यार बदलावे, कोणत्या ठिकाणी केवळ मांडणी बदलून भागेल, आणि कोणत्या यंत्रावर त्याने उजव्या हातानेच काम शिकणे त्याच्या हिताचे आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. मालकांसमोर हा विषय कसा मांडावा, याचेही मार्गदर्शन हवे आहे.

उत्तर १ : निवृत्त शिल्प निदेशक, नाशिक

आपण हात बदलण्याचा आग्रह सोडलात, हे फार योग्य केलेत. मी जोडारी आणि कातारी (टर्नर) या दोन्ही व्यवसायांना अनेक वर्षे शिकवले. साधारणपणे दर दहा माणसांत एक डावखुरा असतो, म्हणजे वीस जणांच्या तुकडीत एक-दोन डावखुरी मुले असणे अगदी स्वाभाविक आहे. तरीही आमच्या कार्यशाळेतील प्रात्यक्षिके नेहमी उजव्या हाताचीच असत आणि त्या मुलांनी ती मनातल्या मनात उलटी करून घ्यावीत, अशी आमची अपेक्षा असे. सुरुवातीच्या काळात मीही तसेच शिकवले. नंतर मी डावखुऱ्या मुलाला माझ्या शेजारी उभे करण्याऐवजी समोर उभे करून दाखवू लागलो. समोरासमोर उभे राहिले की माझा उजवा हात त्याला आरशातल्या प्रतिमेप्रमाणे त्याच्या डाव्या हाताच्या बाजूला दिसतो आणि निम्मी अडचण तेथेच संपते.

ड्रिल मशीनबद्दल प्रथम सांगतो, कारण ते सर्वांत तातडीचे आहे. अशा मशीनच्या मुठीवर लॉकचे बटण बहुधा डाव्या अंगाला असते. उजव्या हाताने मूठ धरली की तेथे फक्त अंगठा पोहोचतो आणि तो मुद्दाम दाबल्याशिवाय बटण आत जात नाही. डाव्या हाताने मूठ धरली की त्याच अंगावर तळहाताचा मांसल भाग येतो, आणि जोर लावण्याच्या क्षणी, म्हणजे नेमक्या धोक्याच्या क्षणी, बटण दाबले जाते. यात मुलाची चूक काहीही नाही. त्याला दोन गोष्टी शिकवा: बटण अडकले आहे असे वाटताच मुख्य स्विच पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे लॉक सुटतो, आणि बाजूची आधाराची मूठ दुसऱ्या अंगाला बसवल्याशिवाय मशीन सुरू करायचे नाही. पुढची खरेदी करताना लॉकचे बटणच नसलेले मशीन घ्या. बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक ड्रिलला ते नसते आणि दिशा बदलण्याची कळही दोन्ही बाजूंनी दाबता येते.

हँड ग्राइंडरचेही असेच आहे. त्याची आधाराची मूठ बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना बसवता येते, पण मूठ बदलल्यावर गार्डही फिरवून घ्यावे लागते, नाहीतर चाकाचा उघडा भाग आणि ठिणग्यांचा झोत कामगाराच्या अंगाकडे येतो. मूठ बदलून गार्ड तसेच ठेवलेले मी इतक्या वेळा पाहिले आहे की ही सूचना भिंतीवर लिहून लावावी असे मला वाटते.

आता उभ्या ड्रिलिंग मशीनकडे येतो. त्याचा फीडचा दांडा उजवीकडे असतो. डावखुरा मुलगा डावा हात पुढे नेऊन तो दांडा धरू लागला, तर त्याची बाही फिरत्या बिटच्या समोरून जाते. येथे मी कोणतीही सवलत देत नसे: दांडा उजव्या हातानेच ओढायचा, आणि जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचे तो भाग, हाताने न धरता मशीन व्हाइसमध्ये आवळायचा. दांडा ओढण्यात बारीक कौशल्य लागत नाही, त्यामुळे डावखुरी मुले ते दोन दिवसांत शिकतात. फक्त थांबवण्याचे लाल बटण डाव्या हातालाही सहज सापडेल अशा जागी आहे का, ते तपासून पाहा.

लेथवर तर उलटा प्रकार आहे आणि तो मला विशेष महत्त्वाचा वाटतो. लेथचा चक, म्हणजे जॉब घट्ट धरून फिरवणारा भाग, कामगाराच्या डावीकडे असतो. फिरत्या जॉबवर कानस मारताना कानशीची मूठ उजव्या हातात धरली, तर पुढचे टोक धरणारा डावा हात फिरत्या चकवरून आडवा जातो. म्हणून मूठ डाव्या हातात आणि टोक उजव्या हातात, हीच सुरक्षित पद्धत मानली जाते आणि आम्ही सर्व मुलांना तीच शिकवत असू. उजव्या हाताची मुले ती शिकताना कंटाळत, हात दुखल्याची तक्रार करत, आणि थोडे दुर्लक्ष होताच जुन्या सवयीवर जात; डावखुऱ्या मुलाला मात्र ती जन्मजात येत असे. मी तुकडीसमोर त्यालाच प्रात्यक्षिक करायला सांगत असे. आपणही हे अवश्य करून पाहा. ज्या मुलाला दोन महिने सगळे चुकीचा म्हणत आले, त्याच्याकडून जुन्या कामगारांनी एक गोष्ट शिकावी, याचे मोल मोठे आहे.

मोजमापाच्या साधनांबाबत थोडा संयम लागतो. व्हर्निअर कॅलिपर डाव्या हातात धरला की आकडे उलटे दिसतात. मायक्रोमीटरचेही तसेच होते, आणि तेथे रेषेच्या वरच्या व खालच्या खुणांची अदलाबदल झाल्यासारखी वाटून अर्ध्या मिलिमीटरची चूक होण्याचा धोका वाढतो. माझ्या अनुभवात जॉब डाव्या हाताने स्थिर धरणे आणि साधन उजव्या हाताने चालवणे हे डावखुऱ्या मुलांना जड जात नाही, त्यामुळे येथे साधन बदलण्याची गरज पडत नाही.

पत्र्याचे काम होत असेल, तर एक गोष्ट कदाचित आपल्या स्टोअरमध्येच पडून असेल. पत्रा कापण्याच्या लिव्हरच्या कात्र्यांच्या मुठी तीन रंगांच्या असतात. लाल मूठ डावीकडे वळणाऱ्या कापासाठी, हिरवी उजवीकडे वळणाऱ्या कापासाठी आणि पिवळी मुख्यतः सरळ कापासाठी असते. उजव्या हाताच्या कामगाराला लाल मूठ सोयीची वाटते, म्हणून तीच झिजते. डावखुऱ्याला हिरवी द्या.

राहिला बेंच व्हाइस. कानस मारताना किंवा हॅकसॉ चालवताना डावखुऱ्या माणसाचा उजवा पाय पुढे असतो आणि त्याचे शरीर उलट्या दिशेला वळलेले असते, त्यामुळे रांगेत मधोमध उभे केल्यास त्याचे आणि शेजाऱ्याचे कोपर एकमेकांना लागतात. त्याला रांगेच्या टोकाचा व्हाइस द्या. एवढाच खर्च आहे.

उत्तर २ : गणवेश शिवण विभागातील कटर, सोलापूर

पर्यवेक्षक दादा, मी धातूच्या कामातली नाही. सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी कापड कापण्याचे काम करते आणि डावखुरी आहे. कात्रीबद्दल मला जे कळले ते तुमच्या मुलाच्याही उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

कात्री ही दोन्ही हातांना सारखीच असते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नेहमीच्या कात्रीचे वरचे पाते उजव्या बाजूला असते. उजव्या हाताने ती मिटताना अंगठा नकळत मूठ बाहेर ढकलतो आणि बोटे आत ओढतात, आणि त्या दाबाने दोन्ही पाती एकमेकांना घासून बसतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती एकमेकांपासून दूर नेतो, कापड कापले जाण्याऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडते, आणि शिवाय वरचे पाते खडूची रेषा झाकून टाकते, त्यामुळे रेषा पाहण्यासाठी मान वाकडी करावी लागते. मी कामाला लागले तेव्हा माझ्या कापडाच्या कडा दातेरी येत आणि मला निष्काळजी समजले जाई. माझ्याबाबत कोणी मुद्दाम डावे-उजवे केले असे मी म्हणणार नाही; कात्रीच तशी घडवलेली आहे, हे तेथे कोणालाच माहीत नव्हते आणि मलाही नव्हते. मी अंगठा उलट्या दिशेने ओढून पाती जुळवायला शिकले. त्यामुळे काप सुधारला, पण अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला आणि संध्याकाळी बोटे मिटेनाशी होत.

सहा वर्षांनी एका मैत्रिणीने मला खरी डाव्या हाताची कात्री आणून दिली. खरी म्हणजे जिची पातीही उलटी बसवलेली असतात. केवळ मुठीचा आकार दोन्ही हातांना चालेल असा करून विकल्या जाणाऱ्या कात्र्या मी आधी दोनदा घेतल्या होत्या आणि त्यांचा काहीही उपयोग झाला नव्हता. दुकानात कात्री उघडून समोर धरा. वरचे पाते डाव्या बाजूला दिसले तरच घ्या.

आता जे सांगते ते कृपया लक्षात ठेवा. नवी कात्री हातात आली आणि पहिल्या दिवशी माझा काप पूर्वीपेक्षा वाईट आला. सहा वर्षे अंगठा उलटा ओढण्याची जी सवय मी लावून घेतली होती, ती आता योग्य पातीच दूर करत होती. मला रडू आले, कारण दोष माझ्या हातातच आहे असे मला पुन्हा वाटले. ती सवय मोडायला तीन आठवडे लागले. म्हणून तुमच्या मुलाला योग्य हत्यार दिल्यावर पहिल्या आठवड्यातल्या कामावरून निर्णय घेऊ नका, आणि इतरांनाही घेऊ देऊ नका. त्याने आयटीआयमध्ये उलट्या हत्याराशी जुळवून घेण्यासाठी काय काय सवयी लावून घेतल्या असतील, ते त्यालाही ठाऊक नसेल.

आणखी एक. कापणाऱ्या यंत्रावर काम करताना जाळीचा धातूचा हातमोजा कापड धरणाऱ्या हातात घालतात. सर्वांना डाव्या हाताचा मोजा दिला जातो. मला उजव्या हाताचा लागतो. हे मागून घेण्यासाठी मला दोन वर्षे धीर गोळा करावा लागला. तुमच्या मुलाने काही मागितले नाही, याचा अर्थ त्याला काही लागत नाही असा धरू नका.

उत्तर ३ : देखभाल विभाग, भोसरी

मी स्वतः डावखुरा आहे आणि माझे मत थोडे वेगळे आहे. मी पंधरा वर्षे यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. बिघडलेले यंत्र जेथे असेल तेथे जावे लागते, तेथे जे हत्यार मिळेल ते वापरावे लागते, आणि पॅनेलच्या मागे एकच हात शिरेल एवढी जागा असेल तर तो कोणता असावा हे यंत्र ठरवते. म्हणून त्या मुलाला दोन्ही हातांनी काम करता आलेच पाहिजे. फक्त ही तयारी त्याच्या नैसर्गिक हाताचे काम पक्के झाल्यावर करून घ्यावी, आणि पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर यांसारख्या बिनधोक हत्यारांपासून सुरू करावी.

स्क्रूच्या बाबतीत एक गंमतीची पण खरी बाब आहे. तळहात वर वळवण्याच्या हालचालीत दंडाच्या स्नायूचा जोर मिळतो, उलट हालचालीत तो तेवढा मिळत नाही. नेहमीचे आटे उजव्या हाताने आवळताना हा जोर उपयोगी पडतो; डाव्या हाताला तोच जोर सोडवताना मिळतो. गंजलेला स्क्रू सोडवायचा असला की आमच्या विभागात मला बोलावतात, आणि शेवटचा आवळ मी उजव्या हाताने देतो.

मालकांसमोर विषय मांडताना अपंगत्वाच्या कायद्याचा आधार शोधू नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकार आहेत, त्यांत डावखुरेपणा नाही, आणि तो असावा असे मलाही वाटत नाही. ड्रिल मशीनचा प्रसंग थोडक्यात टळलेला अपघात म्हणून रजिस्टरमध्ये लिहा. कारणाच्या रकान्यात ‘कामगार डावखुरा’ असे न लिहिता ‘डाव्या हातात धरल्यास लॉकचे बटण तळहाताखाली येते’ असे लिहा. पहिल्या वाक्यावर कोणताही उपाय करता येत नाही. दुसऱ्यावर त्याच दिवशी करता येतो.

उत्तर ४ : दंतवैद्य, म्हापसा

वरच्या उत्तरांशी मी सहमत आहे. फक्त एक भर घालते. माणूस पूर्णपणे डावखुरा आहे, हे गृहीत धरू नये. ओल्डफिल्ड यांनी १९७१ मध्ये हाताचा कल मोजण्यासाठी जी प्रश्नावली मांडली, तिच्यात लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, दात घासणे, सुरी, चमचा, झाडू धरताना वरचा हात, काडी पेटवणे आणि डब्याचे झाकण उघडणे अशी दहा कामे स्वतंत्रपणे विचारलेली आहेत, कारण एकाच माणसाचा कल कामागणिक बदलू शकतो. सचिन तेंडुलकर लिहितात डाव्या हाताने, पण फलंदाजी आणि गोलंदाजी त्यांनी उजव्या हाताने केली. आपल्या मुलालाही एकेक हत्यार देऊन, कोणी पाहत नाही अशा निवांत वेळी, तो ते सहज कोणत्या हातात घेतो ते विचारावे.

मी डाव्या हाताने काम करते. दंतवैद्यकाची खुर्ची, उपकरणांचा ट्रे आणि थुंकण्याचे भांडे यांची नेहमीची मांडणी उजव्या हाताच्या डॉक्टरसाठी असते, म्हणजे डॉक्टर रुग्णाच्या उजव्या बाजूला बसतो. शिकत असताना मी त्याच बाजूला बसून कंबर वळवून काम केले आणि पाठदुखी ओढवून घेतली. स्वतःच्या दवाखान्यासाठी दोन्ही बाजूंना वळवता येणारे युनिट घेतले, मदतनीस ताईंना उजव्या बाजूला उभे राहायला शिकवले, आणि तो त्रास थांबला. टाके घालताना सुई धरण्याच्या चिमट्याचे दाते मात्र आजही अंगठा उलटा ओढूनच सोडवावे लागतात. सोलापूरच्या ताईंनी कात्रीबद्दल लिहिलेले वाचताना मला माझाच अंगठा आठवला.

प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : वर्कशॉप पर्यवेक्षक, शिरोली

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात जे केले ते कळवतो. रजिस्टरमधील नोंद भोसरीच्या दादांनी सुचवलेल्या शब्दांत केली आणि मालकांनी ती वाचून लॉकचे बटण नसलेले एक ड्रिल मशीन मागवायला होकार दिला. मुलाला खिडकीजवळचा रांगेच्या टोकाचा व्हाइस दिला आहे. स्टोअरमध्ये हिरव्या मुठीची कात्री खरोखरच सापडली, तेलकट कागदात गुंडाळलेली, एकदाही न वापरलेली.

शनिवारी सुट्टीनंतर मी त्याला एकेक हत्यार हातात घ्यायला सांगितले. हातोडी, हॅकसॉ, कानस, स्क्रू ड्रायव्हर डाव्या हातात गेले. पाना मात्र त्याने उजव्या हाताने उचलला आणि हे त्यालाही नवीन होते. मग मी विचारले की आणखी काही अडते का. बराच वेळ तो काही बोलला नाही. नंतर त्याने सांगितले की जॉबकार्ड लिहिताना त्याचा हात ओल्या शाईवरून जातो आणि शिरोरेषा पुसट होते, म्हणून तो घरी जाऊन कार्डे पुन्हा स्वच्छ लिहून आणत असे. दोन महिने तो हे करत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. लवकर वाळणाऱ्या शाईचे पेन सोमवारी आणून दिले.

लेथवरील कानशीचे प्रात्यक्षिक येत्या बुधवारी ठेवले आहे. नाशिकच्या सरांना एक विचारायचे आहे: एमरी कागदाने जॉब घासतानाही हातांची हीच मांडणी ठेवावी का, की कागद पट्टीला गुंडाळूनच वापरायला सांगावे?

उत्तर ५ : निवृत्त शिल्प निदेशक, नाशिक

पट्टीला किंवा कानशीला आधार देऊनच वापरायला सांगावे, आणि मूठ डाव्या हातातच ठेवावी. एमरीची पट्टी बोटांना गुंडाळून फिरत्या जॉबवर कोणीही, कोणत्याही हाताने, कधीही धरू नये. आणि बुधवारी प्रात्यक्षिक सुरू करण्यापूर्वी त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून घेतल्या आहेत का, ते पाहा.